अडतीस किलोचा सूर

वैशाखातली पहिली मोठी वरात परवा आमच्या गल्लीवरून गेली. पुढे ट्रक, ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, आणि त्या अख्ख्या डोंगराला एका बोटानं चालवणारा, फोनमध्ये मान घातलेला एक माणूस. फडताळातल्या स्टीलच्या डब्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. गल्लीतलं म्हातारं कुत्रं चार वर्षांत पोलिसाला पाहूनही जागचं उठलं नव्हतं, त्यानं उठून सरळ मांजरसुंब्याचा रस्ता धरला. एवढा आवाज. आणि एवढ्या आवाजात एकसुद्धा सूर माझ्या अंगाला शिवला नाही. बारवेत बुडी मारावी आणि कोरडंच वर यावं, तसं झालं.

लगीनसराई आली की मला वास येतात. नव्या पातळांच्या खळीचा, कढईतल्या बुंदीचा, जनरेटरच्या डिझेलचा. हे सगळ्यांनाच येतात. मला आणखी एक येतो, तो आता बीड जिल्ह्यात बहुधा मला एकट्यालाच येत असावा. तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणाऱ्या धुळीचा. थोडा भाजलेल्या शेंगांसारखा, थोडा इस्त्रीसारखा, आणि थोडा असा की नाकाला कळतं, पण नाव सांगता येत नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. लहान वांग्याएवढी काचेची बाटली, आत जाळी, तार आणि विस्तव. जुन्या रेडिओत असायचे. माझ्या अँप्लिफायरमध्ये असे चार मोठे आणि तीन बारके होते. तो अँप्लिफायर मूळचा टुरिंग टॉकीजचा. कपिलधारच्या यात्रेत तंबू पडायचा, पडद्याच्या एका बाजूला बाया आणि एका बाजूला बाप्ये बसायचे, आणि या डब्यातून नायक गरजायचा. मग देशानं दारं उघडली म्हणे. आमच्याकडे त्या दारातून आधी रंगीत सरबतांच्या बाटल्या आल्या आणि पाठोपाठ केबलची वायर. घरोघरी सिनेमा दिसायला लागल्यावर तंबूत कोण जाणार? तंबू गुंडाळला, प्रोजेक्टर मोडीत गेला. अँप्लिफायर मोडीवाल्याच्या काट्यावर चढला. काटा अडतीस किलोवर थांबला, आणि तिथंच युसूफभाईंनी त्याला हात लावला.

युसूफभाई म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे. दुकान बसस्टँडच्या मागे, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं की भाईंना बाहेर यावं लागे. त्यांनी डब्याला गिटारची वायर खुपसायला भोक पाडलं, आतलं चार ठिकाणी तोडलं, पाच ठिकाणी जोडलं आणि मला म्हणाले, "ले जा मियां. तेरे सरीका च हाय ये. वजन लई, काम कम."

माझ्याकडे कलकत्त्याची लाल इलेक्ट्रिक गिटार होती. खेड्यात तिला 'उभा बँजो' म्हणायचे. एका आजोबांनी तर ती हातात घेऊन विचारलं होतं, "याला मळणीला लावतेत का?"

आता त्या डब्याचा आवाज कसा होता ते सांगतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर मीही फार आग्रह करत नाही.

बटण दाबलं की दोन मिनिटं काहीच व्हायचं नाही. मग काचांच्या पोटात तांबूस उजेड धरायचा. मग पेटीतून एक 'हूं' यायचा, दुपारी झोपलेल्या घरच्या वडील माणसाला कोणी जागं केल्यासारखा. आणि मग तार छेडली की आवाज वायरीतून येत नसे, घशातून येई. हळू वाजवलं तर पोटाशी धरून बोलायचा. जोरात मारलं तर फाटायचा. पण कसा फाटायचा? कापड फाटतं तसा नव्हे. डोंगरातलं पिकलं सीताफळ बोटांच्या नुसत्या दाबानं उलतं, तसा. आत सगळा गर.

त्यातून आमच्याकडची वीज. बीडच्या खेड्यांत त्या काळी वीज राहायला येत नसे, नुसती भेटायला यायची. गोरज मुहूर्ताच्या सुमाराला सगळ्या गावाचे दिवे एकदम लागायचे. मांडवाची वीज खांबावर आकडा टाकून घेतलेली. व्होल्टेज असं खाली यायचं की बल्ब पिकल्या बोरासारखे दिसायचे आणि पंख्याची पाती मोजता यायची. दुसरी यंत्रं अशा वेळी मान टाकायची. माझा डबा मात्र त्याच वेळेला गायला बसायचा. वीज कमी पडली की त्याचा सूर मऊ व्हायचा, लांबायचा, कडेला जरासा ओला व्हायचा. एका लग्नात पाठवणीच्या वेळी मी असा एक सूर धरला. नवरी रडली, नवरीची आई रडली, इथपर्यंत रीतच आहे. पण नवरदेवाचा बाप रडला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पोरीला हितंच." शेवटी दोघांनी माझ्या हातातली गिटार काढून घेतली, तेव्हा कुठं गाडी हलली.

आमच्या ऑर्केस्ट्र्याचे मालक शिवलिंगअप्पा. मूळचे किराणा दुकानदार, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी आणि जिभेवर तराजू. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं वजन आधी दिसायचं. त्या उन्हाळ्यात ते मुंबईला गेलते, येताना पिशवीतून एक काळी पेटी घेऊन आले. गुळाच्या ढेपेहून लहान. वर बारीक लाल आकडे चमकणारे.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "याला प्रोसेसर म्हन्तेत. डिजिटल. शंभर आवाज हायेत यात. शहनाई हाय, बासरी हाय, घोड्याच्या टापा हायेत."

"गिटारचा हाय का?" मी विचारलं.

"असंल की कुठंतरी. दाबून बघ."

मी दाबून बघितलं. सत्तेचाळीस नंबरला गिटार सापडली. स्वच्छ होती. दवाखान्यातल्या फरशीसारखी स्वच्छ.

"कावून तोंड वाकडं करतो बे?" अप्पा म्हणाले. "तुझा डबा उचलायला चार गडी लागतेत. तापायला दोन मिन्टं. तवर अर्धं लगीन लागून जातंय."

"लगीन जन्माचं हाय अप्पा. दोन मिन्टं थांबंना का."

"लोक थांबत न्हाईत आता."

हे त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. आमच्याकडची लगीनसराई आधीच घाईची. ऊसतोडीला गेलेली माणसं साखर कारखान्यांवरून चैत्राच्या आगेमागे परततात, आणि पाऊस पडायच्या आत सगळ्या गावांना सगळी लग्नं उरकायची असतात. एका दिवसात आम्ही दोन-दोन, तीन-तीन मांडव गाठायचो. एकदा तर घाईत दुसऱ्याच मांडवात शिरलो, दोन गाणी वाजवली, जेवलो, आहेराची टोपी घेतली, आणि मग कळलं की आपलं लग्न शेजारच्या गावात आहे.

अप्पांनी त्या सराईतल्या शेवटच्या मोठ्या लग्नावर निकाल ठेवला. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका गावात एका मुकादमाच्या मुलीचं लग्न होतं. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा; त्याच्या घरी कार्य म्हणजे दहा गावं लोटणार. अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "वरात मारुतीपस्तोर तुझ्या डब्यावर. तिथून मांडवापस्तोर माझ्या डब्यावर. ज्याच्यावर लोक नाचतील तो गाडीवर ऱ्हाईल. दुसरा उतरंल. अन् तुला तुझ्या डब्याबिगर वाजवता येत न्हाई म्हन्लास, तर तूबी उतरशील."

मी हो म्हणालो. माझी रोजीरोटी त्या गाडीवर होती. पण खरं सांगायचं तर रोजीरोटीपेक्षा मला त्या डब्याला मोडीच्या काट्यावर पुन्हा चढू द्यायचं नव्हतं.

दुपार उतरत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटरशेजारी आम्ही बसलेलो, खाली फुफाटा, वर वैशाख. मी पहिला सूर मारला आणि काय सांगू! त्या दिवशी डबा असा वाजला की वरातीतला घोडा पुढे जाईना. मागे मान वळवून बघत राहिला. घरांतून कणकेच्या हातानं बाया बाहेर आल्या. मुकादम दगडासारखा माणूस, टोळीतल्या दोनशे माणसांना नुसत्या नजरेनं उठवणारा, तो फेटा सोडून नाचला. अप्पांकडे बघितलं तर त्यांचाही अंगठा डबीवर ताल धरत होता. त्यांनी तो पटकन खिशात घातला, पण मी बघितला होता.

मारुतीच्या देवळाशी वरात थांबली. नवरदेव पाया पडायला आत गेला. आम्ही उतरून सावलीला गेलो. इथपर्यंत मी जिंकलो होतो, लिहून घ्या.

परत येऊन बघतो तर नवरीचे चुलते ट्रॉलीवर चढलेले. सत्तरीचे असावेत, नवं धोतर, डोळ्यांत सगळ्या जगाची काळजी. पाण्याच्या रांजणावरचं ओलं गोणपाट त्यांनी उचलून आणलं होतं आणि माझ्या डब्यावर पांघरलं होतं. अगदी मायेनं, चारी कडा दाबून.

मी ओरडायच्या आत टच्च झालं. मग पुन्हा टच्च. जरा थांबून आणखी एक. विस्तवासारख्या तापलेल्या काचेवर गार पाणी ठिबकलं की दुसरं काय होणार?

"काका, हे काय केलंत?"

"लई तापलं व्हतं बिचारं," ते म्हणाले. "हात लावला तर चटका बसला. पाव्हन्याची वस्तू हाय, म्हन्लं, उनात कशाला ठिवायची? आमी हिरीवरच्या विंजनावरबी असंच टाकतो."

शिवी घशापर्यंत आली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मागे फिरली. माझं तोंड बघून त्यांना काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि डब्याला वारा घालू लागले. मेलेल्या डब्याला. बराच वेळ.

अप्पांनी माझ्या गिटारची वायर उपसून काळ्या पेटीत खुपसली आणि सत्तेचाळीस नंबर लावला. वरात निघाली. मी वाजवलं. आणि आता एक गोष्ट सांगतो, जिच्यात मी चिमूटभरही मीठ-मसाला घातलेला नाही. वरात तशीच नाचली. तीच माणसं, तेच हात वर, तोच धुरळा. मुकादम तसाच नाचला. घोडा फक्त आता पुढे बघत होता.

मांडवात उतरलो. अप्पा म्हणाले, "बघितलंस का बे?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? नाचनाऱ्याला कळलं न्हाई म्हनून मला कळत न्हाई व्हय?"

"तुला एकट्याला कळून काय उपेग? तुझा डबा फुटला, माझा चालला. ऱ्हा की गुमान. तुझं बोट चांगलं हाय, मला तूच पायजे."

ते मनापासून म्हणाले होते. तीच तर पंचाईत. शिवी देऊन हाकललं असतं तर कदाचित राहिलोही असतो. मी म्हणालो, "बोट पायजे आसंल तर डबाबी घ्या अप्पा. दोन्ही एकाच अंगाचे हायेत." मी गिटार खांद्याला लावली, त्याच चुलत्यांच्या बैलगाडीत डबा चढवला आणि मांजरसुंब्याला येऊन ढाब्यापुढच्या एका कांद्याच्या ट्रकवर बसलो. बीडपर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्यामुळे.

युसूफभाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं. "क्या मियां, मशीन को नहलाए क्या?"

मी सगळं सांगितलं.

"और गाडी छोड के आया तू? इस डब्बे के वास्ते?"

"हौ."

"पागल है. बैठ, चाय पी."

तीन व्हॉल्व्ह शोधायला त्यांना महिना लागला. मी रोज दुकानापुढे जाऊन बसायचो. एकदा मी अप्पांच्या पेटीला नावं ठेवायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "उसकू गाली मत दे. वो भी अच्छी मशीन है. वो आवाज का हिसाब करती, ये जलता. तेरेकू जलना पसंद है, तो जल."

मी ऑर्केस्ट्र्यात परत गेलो नाही. पुढची पंचवीस वर्षं बीडला कोर्टासमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली. टाइपरायटरचेही तेव्हा शेवटचेच दिवस होते. माझी निवडच अशी. पण प्रत्येक वैशाखात दुपारची कोर्टं सुटली की घरी येऊन बटण दाबायचो आणि दोन मिनिटं बसायचो. त्या दोन मिनिटांत मी काय करायचो? काही नाही. शाई लागलेली बोटं पुसायचो. रस्त्यावरचा गलका हळूहळू माझ्यातून उतरायचा. डबा तापतोय की मी निवतोय, हे मला अजून कळलेलं नाही. काळी पेटी लावल्याबरोबर वाजते, हीच माझी तिच्याविरुद्धची खरी तक्रार आहे. तिला तुमच्यासाठी थांबायची गरजच नाही, आणि तुम्हालाही तिच्यासाठी थांबायची नाही. अशा नात्याला आमच्याकडे सोयरीक म्हणत नाहीत.

यंदा नात्यातल्या एका लग्नाला म्हणून लेक-जावई आले, मधल्या खोलीत गादी टाकून उतरले. जावई अमोल, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, गिटारही वाजवतो. गुणी आहे, हे मला कबूल करावंच लागतं. त्यानं बॅगेतून साबणाच्या वडीएवढी एक पेटी काढली.

"मामा, यात तुमच्या डब्यासारखे दोनशे डबे आहेत. अगदी व्हॉल्व्हचा आवाज. ते तापल्यावर कसे वाजतात, व्होल्टेज पडल्यावर कसे वाजतात, सगळं."

मी इतका हसलो की ठसका लागला. जड म्हणून ज्याला गाडीवरून उतरवलं, त्याच्याच आवाजाची नक्कल करायला जगातली हुशार डोकी एवढी वर्षं बसली होती तर! शहनाई आणि घोड्याच्या टापा गेल्या कुठं? अप्पा असते तर त्यांना विचारलं असतं.

अमोलच्या एका मित्राला पुण्यात स्टुडिओ काढायचा होता, त्याला माझा डबा हवा होता. आमच्या सौ. मंगलचा त्याला पाठिंबा. "ज्वारीच्या कोठीपाशी जागा अडवून बसलाय. अन् लाइट गेली की मी त्याच्यावरच आपटते." शेवटी अमोल म्हणाला, "मामा, एक पैज. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. मी पाच वेळा वाजवतो, कधी यातून, कधी त्यातून. ओळखलंत तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही ओळखलंत तर डबा पुण्याला."

मी म्हणालो, "पाच कशाला? एका सुरात ओळखीन. झोपेत ओळखीन. कपिलधारच्या धबधब्याखाली उभं करा, तिथं ओळखीन." आणि शब्द दिला.

पाचातले चार चुकले. जो एक बरोबर आला, तो मी मस्करीत सांगितला होता.

मी भिंतीकडेच बघत बसलो. भिंतीचा एक पोपडा नेमका बीड जिल्ह्याच्या नकाशासारखा सुटलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पाठीमागे वायर काढल्याचा आवाज आला. मग शेजारच्या दोघांना हाक मारल्याचा. मग उंबऱ्याला पत्रा घासल्याचा. मी उठून दारात आलो तेव्हा डबा गाडीच्या डिकीत गेला होता आणि अमोल त्याच्याखाली काळजीनं चादर सरकवत होता.

"उतरवा तो," मी म्हणालो.

"मामा?"

"उतरवा."

"पण आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला."

"अवो," मंगल आतून म्हणाली, "जावयासमोर तरी..."

"जावयासमोरच मोडतो. चोरून कशाला मोडायचा?" मी पायऱ्या उतरलो. "जावईबापू, जुळी लेकरं बाहेरून हाक मारतात, तेव्हा कोणतं बोलतंय ते आईलाबी कळत न्हाई. म्हनून ती एकाला बाजारात इकायला नेती का? मला ओळखू आला न्हाई. कान माझे गेले, का तुमची पेटी खरंच तेवढी चांगली हाय, देव जाणे. असंल चांगली. लई चांगली असंल. पण धुरळा गिळत मी तिच्यासाठी कांद्याच्या ट्रकवर बसलो नव्हतो."

अमोलनं माझ्याकडे बघितलं. गल्लीतल्या चार दारांत माणसं उभी राहिली होती. शेजारचे दोघे मदतनीस केव्हाच पसार झाले होते. अडतीस किलो एकट्याला उचलायचं माझं वय राहिलेलं नाही, आणि जावयाच्या हाती ओझं देणं आमच्याकडे बापजन्मात कोणी केलेलं नाही.

"धरा तिकडून," मी म्हणालो.

समोरच्या काकूंनी तोंडावर पदर घेतला. अमोलनं बाह्या वर केल्या. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, आम्ही तो डबा गल्लीदेखत पुन्हा घरात आणला. उंबऱ्यावर माझा हात निसटला तर त्यानंच तोल सावरला, गुडघा देऊन. दोघांनाही धाप लागली होती.

"कुठं ठेवू, मामा? कोठीपाशीच?"

"न्हाई," मी म्हणालो. "मधल्या खोलीत, खिडकीखाली. तुमची गादी जरा सरकवा."